स्टार्ट कुठं गेलं?

नागपुरात घरचा कॉम्प्युटर दोन कारणांनी बसतो. एक ऊन आणि दुसरं अपडेट.

उन्हाचा इलाज आम्हाला ठाऊक आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे सरकू लागला की सीपीयूचं एका बाजूचं झाकण काढून ठेवायचं, दुपारी बारा ते चार त्याला हात लावायचा नाही आणि कूलरची ओली हवा थेट टेबलावर येणार नाही अशा बेतानं कूलरचं तोंड फिरवायचं. (सीपीयू म्हणजे खरं तर डब्याच्या आतली एक चिप. कॉम्प्युटरच्या कुठल्याही वर्गात हे पहिल्याच आठवड्यात सांगतात. तरी अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणायचं कुणी सोडलेलं नाही, मीही नाही.) एवढं करूनही कूलरच्या दमटपणानं रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात काळवंडतातच. बटण दाबलं की मशीन नुसतं बीप बीप करतं आणि पडदा काळा तो काळाच. मग पट्टी उपसायची, शाळेतल्या खोडरबरानं तिचे दात घासायचे, परत नीट दाबून बसवायची. बहुतेक वेळा काम होऊन जातं. ही विद्या कुठल्या विद्यापीठात शिकवत नाहीत, पण विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी ती येणारा एक तरी पोरगा सापडतो.

अपडेटवर मात्र खोडरबर चालत नाही. तुम्हाला घाई असते तेव्हा ते येतं, एवढंच त्याचं वेळापत्रक. निळ्या पडद्यावर ठिपक्यांचं रिंगण फिरत राहतं, टक्के सावकाश चढत जातात आणि कॉम्प्युटर बंद करू नका असा दम भरलेला असतो. हा दम लिहिणाऱ्याच्या घरची वीज कधी गेली नसावी. कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक केंद्रं आमच्या वेशीवर, त्यांची राख आमच्या अंगणापर्यंत. आणि तरीही २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत वीज जायचीच. त्या काळात प्रत्येक कॉम्प्युटरखाली एक यूपीएस असे, आणि दोन उन्हाळे काढले की त्याची बॅटरी इतकी म्हातारी होई की मिनिटभर केकाटून तीही मान टाकी. अपडेट अर्ध्यावर, दिवे गेलेले, अंधारात यूपीएसची टीं टीं. पुढच्या वेळी मशीन सुरू केलं की ते म्हणे, दुरुस्ती चालू आहे. मग आपणच बंद होई, आपणच सुरू होई आणि पुन्हा म्हणे, दुरुस्ती चालू आहे.

अपडेट नकोच म्हणावं तर तीही मुभा नाही. २०१५ साली विंडोज १० आली, तिच्या घरगुती आवृत्तीत 'नको' म्हणायला बटणच दिलेलं नव्हतं. चार वर्षांनी पुढे ढकलायची सोय झाली, तीही काही दिवसांपुरती. अपडेट उगाच नसतं हेही खरं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरनं जगभर कॉम्प्युटर कुलूपबंद केले, तेव्हा त्या भोकाला ठिगळ मार्चमध्येच देऊन झालेलं होतं. ज्यांनी ते लावलं नाही ते सापडले. पण ठिगळानं कधी नवं भोकही पडतं. २०२१ च्या उन्हाळ्यात विंडोजच्या छपाईच्या यंत्रणेत एक मोठा दोष निघाला आणि तो बुजवायला अपडेट आले. सप्टेंबरच्या अपडेटनंतर जिथं दोन-तीन कॉम्प्युटरांत एकच प्रिंटर वाटून घेतलेला होता, तिथं प्रिंट जाईना. पडद्यावर कारण काय, तर शून्य, एक्स, पाच शून्यं, एक, एक, बी. झेरॉक्सच्या दुकानात समोर गिऱ्हाइकांची रांग असताना हे वाचून माणसानं काय समजायचं? ज्यानं तो आकडा लिहिला त्याला त्याचा अर्थ कळतो, आणि तो आपल्या दुकानात येणार नाही.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं एका फटक्यात निळी पडली. विमानतळांवर गोंधळ उडाला, आपल्याकडे प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. गंमत अशी की ते सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्याच वापरतात, त्यामुळे त्या दिवशी घरोघरचे कॉम्प्युटर ठणठणीत होते. घरच्या माणसाला जे एकट्यानं, कुणाला न सांगता सोसावं लागतं, ते त्या दिवशी साहेब लोकांनी सोसलं आणि त्याची बातमी झाली.

घरच्या माणसाची बातमी होत नाही, कारण त्याची तक्रार कुठं पोचतच नाही. ती पोचते कॉम्प्युटरवाल्या पोरापर्यंत.

'काकू, विंडोज उडली. फॉरमॅट मारावं लागते.' हे वाक्य न ऐकलेलं घर नागपुरात नसेल. बर्डीच्या बाजारातून जोडून घेतलेला कॉम्प्युटर, तो जोडून देणारा पोरगा आणि त्या पोराच्या सॅकमधली मार्करनं नाव लिहिलेली सीडी, यावर आमचं संगणकयुग उभं राहिलं. परवान्याची विंडोज हा श्रीमंतांचा किंवा सरकारी कचेऱ्यांचा मामला. बीएसए या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेच्या पाहणीप्रमाणे २०१७ सालीसुद्धा भारतातल्या कॉम्प्युटरांवरचं ५६ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होतं. मोहल्ल्यातल्या घरांपुरतं बोलायचं तर मला हा आकडा कमीच वाटतो. याचा एक परिणाम कुणी फारसा बोलून दाखवत नाही. ज्यानं वस्तू रीतसर विकत घेतली नाही त्याला भांडायचा हक्कही राहत नाही. विंडोज अडली तर कंपनीला विचारावं हे आमच्या डोक्यात कधी आलं नाही. कंपनीलाही आमच्यासारखे कोट्यवधी लोक कुठं अडतात हे कळलं नसणार. मधल्या मध्ये सगळा भार त्या पोरावर, आणि त्याच्याकडे सर्दीपासून क्षयापर्यंत एकच मात्रा.

तो येतो, सी ड्राइव्ह पुसतो, विंडोज टाकतो, ड्रायव्हर टाकतो, एक अँटिव्हायरस टाकतो. दरम्यान चहा होतो. 'डी मधलं काही जात नाही काकू, सी मधलं उडते फक्त.' आता सी कुठला आणि डी कुठला, हे घरात कुणी कधी समजावून सांगितलेलं असतं? माणूस महत्त्वाचा कागद डोळ्यांसमोर ठेवतो. कॉम्प्युटरमध्ये डोळ्यांसमोर म्हणजे डेस्कटॉपवर. आणि डेस्कटॉप असतो सी ड्राइव्हच्या पोटात. म्हणजे पडद्यावर जी जागा सगळ्यांत हाताशी आणि सुरक्षित दिसते, ती फॉरमॅटमध्ये सगळ्यांत आधी जाते. लग्नाचे फोटो, पोरीचा बारावीचा प्रोजेक्ट, आजोबांनी एकेका बोटानं टाइप केलेली कुळाची वंशावळ अशा कितीतरी गोष्टी या शहरात याच रस्त्यानं गेल्या आहेत. लोक यात स्वतःला दोष देतात, 'आपल्यालाच येत नाही' म्हणतात. मी त्यांना दोष देत नाही. ज्या घरात तिजोरीसारखी दिसणारी जागा खरं तर कचराकुंडीच्या वाटेवर आहे, त्या घराचा दोष राहणाऱ्याचा नसतो.

अलीकडे कंपनीनं याच्या उलट टोक गाठलं आहे. २०२४ पासून नवी विंडोज ११ बसवताना डेस्कटॉपवरच्या आणि डॉक्युमेंट्समधल्या फाईली न विचारता वनड्राइव्हवर, म्हणजे इंटरनेटवरच्या कोठारात जायला लागल्या. फुकट जागा ५ जीबी. फोटोंच्या एका फोल्डरात ती भरते, आणि मग जागा संपली, पैसे भरा, असे निरोप सुरू. कुणी हौसेनं त्या कोठारातून फाईल पुसली की ती डेस्कटॉपवरूनही जाते. पूर्वी फाईल आपल्याच घरात हरवायची, आता ती नक्की कुणाच्या घरात आहे हेच समजत नाही.

माझं काम मराठीतलं. भाषांतर, मुद्रितशोधन, सुगीच्या दिवसांत दिवाळी अंकांचं थोडंफार. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टीमशी माझं भांडण इतरांपेक्षा जरा जुनं आणि जरा वेगळं आहे. आधीच्या पिढीचं मराठी टायपिंग म्हणजे कृतिदेव. रेमिंग्टनच्या टाइपरायटरवर बसलेली बोटं तशीच कीबोर्डवर आली. न्यायालयांत, तहसिलींत, छापखान्यांत त्याच फाँटवर कामं झाली आणि अजून होतात. पण कृतिदेवमध्ये कॉम्प्युटर मराठी लिहीत नसतो. तो इंग्रजी अक्षरंच साठवतो, त्यावर मराठी मुखवटा चढवलेला असतो. ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याच्या पडद्यावर 'मराठी' हा शब्द ई, जे, के, बी, एच असा उमटतो. त्यामुळे फाईलसोबत फाँटही पाठवायचा आणि समोरच्याला तो बसवता येत नसेल तर फोनवर शिकवायचा, हे सगळं टायपिंगच्या पैशात.

युनिकोडनं हा मुखवटा काढला. विंडोज २००० पासून देवनागरी यंत्रणेत होती, २००१ साली एक्सपी आली तिच्यातही होती. पण एक्सपीत ती झोपलेली होती. कंट्रोल पॅनेलमध्ये जायचं, प्रदेश आणि भाषा यांच्या खिडकीतलं भाषांचं पान उघडायचं, तिथं गुंतागुंतीच्या लिपी आणि उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या भाषा अशी एक चौकट असे, थाईसकट. अरबी, हिब्रू, थाई आणि आपण, सगळे एका पंगतीत. त्या चौकटीत खूण केली की मशीन म्हणे, विंडोजची सीडी घाला. सीडी कुठं? पोराच्या सॅकमध्ये. पोरगा कुठं? दुसऱ्या कुणाच्या घरी फॉरमॅट मारायला. तो येईपर्यंत मराठी संकेतस्थळावर सगळा अपघातविभाग दिसे. 'विदर्भ' शब्दात पहिली वेलांटी 'व'च्या मागे पडलेली, 'भ'च्या डोक्यावरचा रफार गायब आणि त्याच्या जागी पाय मोडलेला 'र' एकटाच उभा. आपली भाषा आपल्याच मशीनमध्ये आहे, फक्त तिची किल्ली बाहेरगावी गेली आहे, अशी ती अवस्था. एक्सपीची आठवण निघाली की लोक आजही हिरव्या टेकडीचं ते चित्र आठवून हळवे होतात. मला ती चौकट आठवते.

जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा लोकांसाठी खुली झाली आणि साऱ्या जगानं तिला शिव्या घातल्या. त्या रास्तही होत्या. जड, मंद, जुने प्रिंटर न ओळखणारी आणि पावलोपावली परवानगी मागणारी. पण देवनागरी तिच्यात पहिल्या दिवसापासून जागी होती, सीडी मागत नव्हती. मराठी माणसानं व्हिस्टाला शिव्या देताना आवाज थोडा खाली ठेवायला हरकत नाही.

पुढे टायपिंगची साधनं येत-जात राहिली. गुगलचं इनपुट टूल कॉम्प्युटरवर बसवून रोमन अक्षरांत मराठी लिहायची सवय हजारो लोकांना लागली, आणि कंपनीनं ते उतरवून घ्यायची सोय बंद केली. मग ती जुनी फाईल पेन ड्राइव्हवरून पेन ड्राइव्हवर हिंडू लागली, घराण्यातल्या लोणच्याच्या कृतीसारखी. मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोजमध्येच उच्चारावर चालणारा मराठी कीबोर्ड आला, चांगला आहे, पण तो आहे हे फार थोड्यांना माहीत आहे. आणि दोन कीबोर्ड असलेल्या प्रत्येक घरात एक जुनाच घोळ असतो. मराठीत काम करून उठायचं, परत येऊन पासवर्ड टाकायचा, मशीन म्हणतं चूक. पुन्हा टाकायचा, पुन्हा चूक. पडद्यावर नुसते काळे ठिपके, त्यामुळे आपण इंग्रजी समजून देवनागरी बडवतो आहोत हे दिसत नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरांत भाषा लिहिलेली असते खरी. पण आपलाच पासवर्ड आपल्याला आठवेना या घाबरगुंडीत कोपऱ्याकडे बघतो कोण?

आमच्या ओळीत एक निवृत्त काका राहत. सरकारी नोकरीत संगणकाची अट आली तेव्हा उतारवयात एमएस-सीआयटी झालेले. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा हा अभ्यासक्रम राज्यभर लाखो लोकांनी केला, आणि त्यातल्या कितीतरी जणांचा माउसला पहिला स्पर्श तिथंच झाला. काकांची शंभर पानी वही होती. निळ्या शाईत क्रमांक घालून पायऱ्या : डाव्या कोपऱ्यात खाली स्टार्ट, मग प्रोग्राम्स, मग अ‍ॅक्सेसरीज, मग वर्डपॅड. फाईल जतन करणे, स्वतंत्र पान. प्रिंट काढणे, स्वतंत्र पान. पेन ड्राइव्ह सुरक्षित काढणे, लाल शाईत, दोनदा अधोरेखित. वही कीबोर्डच्या डावीकडे उघडी ठेवून ते बोट ओळीवर ठेवायचे, पडद्याकडे बघायचे, मग पुन्हा वहीकडे. या पद्धतीनं त्यांनी गृहनिर्माण संस्थेचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं सांभाळला, एक पत्र हरवू न देता.

ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आली. पोरानं हौसेनं काकांच्या नव्या लॅपटॉपवर तीच दिली. १९९५ पासून डाव्या कोपऱ्यात बसलेलं स्टार्टचं बटण कंपनीनं काढून टाकलं होतं. त्याच्या जागी पडदाभर रंगीत फरश्या. लॅपटॉप बंद करायचा तर माउस उजव्या कोपऱ्यात न्यायचा, तिथून एक पट्टी सरकत बाहेर येते, तीत सेटिंग्ज, सेटिंग्जमध्ये पॉवर, पॉवरमध्ये शट डाउन. बंद करण्यासाठी स्टार्ट दाबायचं, हा विनोद विंडोज ९५ पासून जगभर चाललेला होता. आता तो विनोदच बरा म्हणायची पाळी आली. काका संध्याकाळी आमच्या फाटकात उभे. 'स्टार्ट कुठं गेलं? सकाळपासून शोधून राहिलो.' एवढी वही एका दिवसात रद्दी झाली होती. पुढच्या वर्षी ८.१ मध्ये बटण परत आलं पण त्यामागची यादी नाही आली, २०१५ मध्ये यादीही आली, आणि २०२१ च्या विंडोज ११ मध्ये तेच बटण डावीकडून उचलून मधोमध नेलं. सेटिंग्जमध्ये जाऊन ते डावीकडे आणता येतं. पण ते आणता येतं हे ज्याला माहीत असतं त्याला ते मधोमध असल्याचा त्रास होत नसतो.

माझं सगळं म्हणणं या वहीत आहे. या यंत्रणा बनवणाऱ्यांना वाटतं की घरच्या माणसाला काहीतरी नवं हवं असतं. त्याला नवं नको असतं. कालची गोष्ट आज कालच्याच जागी हवी असते, बाकी आत काय बदलायचं ते खुशाल बदला. रात्री दिवे गेल्यावर स्वयंपाकघरातली काडेपेटी हाताला बरोबर सापडते, कारण ती कुणी हलवलेली नसते. काकांनी जे कमावलं होतं ते असं हाताचं ज्ञान होतं, आणि ते उत्पादनाच्या कुठल्याच हिशेबात धरलेलं नव्हतं. तरुण मुलं म्हणतात, शिकायला हवं, जग पुढे जातं. पुढे गेलं तर कुणाची ना नाही. बटण डावीकडून मध्ये गेलं यात पुढे काय आहे, हे मात्र मला अजून कुणी समजावलेलं नाही.

माझ्या सासूबाईंनी असा कुठला अभ्यासक्रम केला नाही. त्या सॉलिटेअरवर शिकल्या. आणि शिकल्या ते अगदी योग्य शाळेत, कारण हा पत्त्यांचा खेळ १९९० सालच्या विंडोज ३.० मध्ये घातला गेला तेव्हा लोकांना माउसनं वस्तू पकडून ओढायची सवय लागावी हा त्याचा एक उपयोग होता. मायक्रोसॉफ्टमध्ये उमेदवारी करणाऱ्या वेस चेरी या मुलानं तो लिहिला होता, आणि जगातल्या बहुधा सर्वांत जास्त खेळल्या गेलेल्या या खेळाचं मानधन म्हणून त्याला वेगळं काही मिळालं नाही. पत्त्यांची चित्रं सूझन केअर यांची. उन्हाळ्याच्या दुपारी दारं-खिडक्या लावून, कूलरच्या घरघरीत सासूबाई खेळायला बसत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, माउस दोन्ही हातांनी धरलेला, एक सरकवायला आणि एक बटण दाबायला. लाल सात्ती काळ्या अठ्ठीवर बसली की 'बस आता गपचूप' असं तिला बजावायच्या. डाव जिंकला की पत्ते एकामागोमाग उड्या मारत पडद्यावरून खाली सांडायचे, तेव्हा त्या हात मागे घेत, आपला धक्का लागून काही बिघडू नये म्हणून.

विंडोज ८ मधून हा खेळ गेला. वेगळा उतरवून घ्यावा लागे. विंडोज १० मध्ये तो परत आला तो जाहिराती घेऊन. जाहिराती नको असतील तर दर महिन्याला पैसे भरा. पंचवीस वर्षं फुकट, निमूट चाललेल्या पत्त्यांच्या जोडात जाहिराती घुसवाव्यात असं ज्याला सुचलं त्याला बढती मिळाली असेल. यावर तोड आमच्या कॉम्प्युटरवाल्या पोरानंच काढली. जुन्या एक्सपीमधून सॉलिटेअरची आणि पत्त्यांची अशा दोन छोट्या फाईली पेन ड्राइव्हवर आणल्या, डी मध्ये टाकल्या. चालतात. नव्या मशीनवरही बिनतक्रार चालतात. वीस वर्षांपूर्वीचा तो कार्यक्रम काही विचारत नाही, काही विकत नाही, कुठल्या खात्यात साइन इन करा म्हणत नाही. हल्ली मला हीच चांगल्या सॉफ्टवेअरची व्याख्या वाटते.

१४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. वसुबारसेला तीन दिवस होते, घरोघर साफसफाई निघालेली. त्या दिवशी विंडोज १० ची मुदत संपली, म्हणजे तिला फुकट सुरक्षा अपडेट देणं मायक्रोसॉफ्टनं थांबवलं. २०१५ साली याच कंपनीचे जेरी निक्सन एका परिषदेत विंडोज १० ही शेवटची विंडोज असल्याचं बोलून गेले होते, आणि आता फक्त तीच सुधारत जाईल या भरवशावर लोक निर्धास्त होते. विंडोज ११ साठी मशीनमध्ये टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. म्हणजे २०१६ साली घेतलेलं, चांगलं चालणारं, रॅम वाढवलेलं, एसएसडी टाकून पळायला लागलेलं मशीन नापास. त्यात बिघाड काही नाही. कॅनालिस या संशोधन संस्थेनं २०२३ मध्ये अंदाज केला होता की या निर्णयानं जगातले २४ कोटी कॉम्प्युटर भंगारात जाऊ शकतात. आमच्याकडे तर मुहूर्तही बरा साधला गेला. दिवाळीपूर्वी कबाडीवाला गल्लीत रोज फेरी मारतच असतो.

ओरड झाली तेव्हा कंपनीनं घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची मुदतवाढ देऊ केली. पैसे भरा, किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साइन इन करून आपल्या सेटिंग्ज त्यांच्या कोठारात ठेवा. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी भांडण मांडलं, तर तिथल्या लोकांना ती सेटिंग्ज पाठवायची अटही माफ झाली. मशीन तेच, विंडोज तीच, फरक भांडणाचा. आपल्याकडे ग्राहक पंचायतीची चळवळ जुनी आहे, ती गॅस सिलिंडरच्या वजनापासून दुकानदाराच्या पावतीपर्यंत सगळ्यासाठी भांडली आहे. ऑपरेटिंग सिस्टीम ही भांडायची गोष्ट आहे असं अजून आपल्याला वाटत नाही. बहुधा त्या मार्करनं नाव लिहिलेल्या सीडीचा संकोच अजून गेलेला नाही. पण आज लॅपटॉप घेताना विंडोजचे पैसे त्याच्या किमतीत आपण मोजलेले असतात. संकोचाचं कारण उरलेलं नाही.

इंजिनिअरिंगच्या मुलांचं उत्तर तयार असतं, लिनक्स टाका. चुकीचं नाही. केरळच्या शाळा वर्षानुवर्षं त्यावर चालतात, आपल्या सी-डॅकनं 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स काढलेली आहे, उबुंटूच्या सीड्या तर २०११ पर्यंत टपालानं घरपोच फुकट येत. मराठी त्यावर उत्तम दिसतं. पण घराला जोडून बहुतेक वेळा एक धंदा असतो. कुणाचं टॅली असतं, कुणाचं पत्रिका छापायचं कोरलड्रॉ, कुणाच्या कृतिदेवमधल्या वीस वर्षांच्या फाईली, कुणाचा डिजिटल सहीचा टोकन. आणि मोहल्ल्यातला पोरगा लिनक्स बघून म्हणतो, 'हे आपल्याला नाही जमत बावा.' ज्या यंत्रणेला घरापर्यंत येणारा माणूस नाही ती घरात टिकत नाही. ज्या घरात कॉम्प्युटर फक्त फोटो, बँक, पत्र आणि यूट्यूब एवढ्यापुरता आहे, तिथं मात्र जुन्या मशीनवर लिनक्स टाकून बघायला काही हरकत नाही. कबाड्याला देण्याआधी तरी नक्कीच. अ‍ॅपलवाल्यांविषयी मी बोलत नाही, त्यांच्या तक्रारी निराळ्या आणि त्यांचं दुकानही निराळं.

तुमच्या घरी अजून विंडोज १० असेल तर मुदतवाढीची सोय सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर आहे, ती घ्या. कुणी घाबरवलं म्हणून घाईनं मशीन विकू नका. आणि डेस्कटॉपवर जे काही आहे ते या रविवारी एखाद्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा. डी मध्ये टाकलं म्हणजे झालं, असं पोरगा सांगेल. फॉरमॅटपुरतं ते खरं आहे. पण घरच्या बहुतेक मशीनांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात, आणि डिस्क जाते तेव्हा दोन्ही बरोबर जातात.